प्रश्न तुमचे : रुग्णालयातील मुक्काम आणि रुग्णाचे हक्क

रुग्णालयातील मुक्कामाविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केल्यावर पुणे, पिंपरी-चिंचवड आणि आसपासच्या गावांतून जी पत्रे आली, त्यांत एक गोष्ट वारंवार दिसली. आपल्यावर अन्याय झाला याची जाणीव बहुतेकांना आहे. परंतु ती होते घरी आल्यावर, फाइल कपाटात ठेवताना. रुग्ण खाटेवर असताना कोणाला काय विचारायचे, कोणत्या कागदावर सही करण्यापूर्वी थांबायचे आणि कोणता अर्ज कोणाच्या हाती द्यायचा, हे त्या धांदलीत सुचत नाही. म्हणून खालील उत्तरांत कायदा काय म्हणतो ते सांगतानाच त्या वेळी काय करावे, हेही सांगितले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

पुण्यातील खासगी रुग्णालये ‘महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९’ या कायद्याखाली नोंदलेली असतात. या कायद्याच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये मोठी सुधारणा झाली आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागी लावणे रुग्णालयांवर बंधनकारक झाले. याशिवाय राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये सतरा हक्कांची एक सनद तयार केली आहे, तिचाही आधार घेता येतो. केंद्र सरकारचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा मात्र महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. त्यामुळे मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतील त्याची कलमे पुण्यातल्या बिलिंग काउंटरवर वाचून दाखवण्याचा काही उपयोग होत नाही.

प्रश्न : सासऱ्यांना रात्री छातीत दुखू लागले म्हणून जवळच्या मोठ्या रुग्णालयात नेले. कॅज्युअल्टीत ईसीजी काढला, पण ‘आधी काउंटरला डिपॉझिट भरा, मग वर घेऊ’ असे सांगण्यात आले. पैशांची जमवाजमव करण्यात बराच वेळ गेला. तातडीच्या रुग्णाकडून अशी अनामत मागता येते का?
(एक सून, धायरी)

उत्तर : जीव धोक्यात असलेल्या रुग्णाचे तातडीचे उपचार पैशांसाठी अडवून ठेवता येत नाहीत. परमानंद कटारा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच हे स्पष्ट केले आहे. जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, मग तो सरकारी असो वा खासगी, आणि कोणतीही कायदेशीर औपचारिकता त्याच्या आड येऊ शकत नाही, असा तो निकाल आहे. त्या प्रकरणात प्रश्न अपघातग्रस्ताच्या पोलीस केसचा होता, तरी तत्त्व सर्वच तातडीच्या रुग्णांना लागू पडते. २०२१ च्या नियमांनीही हेच कर्तव्य शुश्रूषागृहांवर टाकले आहे. एप्रिल २०२५ मध्ये एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर, तिच्या कुटुंबाकडे मागितलेल्या मोठ्या अनामत रकमेवरून पुण्यात जो क्षोभ उसळला, त्यानंतर हा नियम निदान चर्चेत तरी आला. त्यासाठी एक जीव जावा लागला, हे फार वाईट झाले.

या हक्काची मर्यादाही समजून घ्यायला हवी. रुग्णाला स्थिर करणे, म्हणजे श्वास, रक्तदाब व हृदयाचे ठोके सांभाळणे, रक्तस्राव थांबवणे, झटक्यावरची पहिली औषधे देणे, हे आधी. पैशांचे बोलणे नंतर. मात्र पुढची अँजिओप्लास्टी किंवा आयसीयूमधील आठवडाभराचा मुक्काम विनामूल्य मिळेल, असा याचा अर्थ होत नाही. एखाद्या रुग्णालयात ती सोय नसेल, तर रुग्णाला शक्य तितके स्थिर करून, काय केले आणि काय दिले हे लिहिलेल्या चिठ्ठीसह त्याने दुसरीकडे पाठवावे.

अशा वेळी काउंटरवर वाद घालण्यात वेळ दवडू नये. कॅज्युअल्टीतील ड्यूटी डॉक्टरांना गाठून शांतपणे म्हणावे : ‘रुग्ण किती वाजता आला, त्याची तक्रार काय आणि आपण काय उपचार दिले, एवढे केसपेपरवर लिहून द्या. दाखल करून घेणार नसाल तर कारणही लिहा.’ ‘पैसे नाहीत म्हणून घेतले नाही’ असे कोणीही लिहून देत नाही, आणि बहुतेक वेळा एवढ्याने गाडे पुढे सरकते. दुसरीकडे हलवायचे झाल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य आहे.

प्रश्न : माझ्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताईंच्या यजमानांचे मोठे ऑपरेशन सांगितले आहे. धर्मादाय रुग्णालयात गरिबांसाठी खाटा राखीव असतात असे ऐकले; पण काउंटरवर विचारले तर ‘आत्ता शिल्लक नाहीत’ असे उत्तर मिळाले. पुढे काय करावे?
(एक निवृत्त शिक्षिका, पर्वती)

उत्तर : आपण ऐकलेले बरोबर आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ अन्वये मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये जी योजना मंजूर केली, तिच्यानुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने ठेवायच्या आहेत. त्यासाठी रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’ या स्वतंत्र खात्यात जमा करायची असते. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असल्यास निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असल्यास दुर्बल, अशी मर्यादा आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका आणि आधार कार्ड ही कागदपत्रे तयार ठेवावीत. तातडीच्या प्रसंगी निर्धन रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचे असते आणि त्याच्याकडून अनामत मागता येत नाही.

बिलिंग काउंटरवरच्या मुलीला या योजनेची माहिती असेलच असे नाही. म्हणून तेथे न थांबता रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे; ही पडताळणी त्यांचे काम आहे. खाटा शिल्लक नाहीत असे ते म्हणाले, तर अर्ज लेखी द्यावा, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी आणि ती घेऊन पुण्यातील धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करावी. कोणत्या रुग्णालयात किती राखीव खाटा आहेत, याची नोंद त्यांच्याकडे असते.

त्याचबरोबर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचीही चौकशी करावी. तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठरावीक उपचारांचे संरक्षण आहे. योजनेत सहभागी असलेल्या प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो आणि १५५३८८ या क्रमांकावरही माहिती मिळते. ही चौकशी रुग्ण दाखल होण्यापूर्वी, निदान पहिल्याच दिवशी व्हायला हवी. रोखीने उपचार सुरू झाल्यावर योजनेत जाणे फार अवघड होऊन बसते, आणि बहुतेक कुटुंबे नेमकी तिथेच अडकतात.

प्रश्न : आईला दाखल करताना पाच-सहा छापील इंग्रजी कागदांवर सह्या घेतल्या, त्यांतील दोन कागदांवरच्या मोकळ्या जागा भरलेल्याच नव्हत्या. ऑपरेशन चालू असताना मला बाहेर बोलावून ‘आणखी एक गाठ दिसते आहे, तीही काढतो, सही करा’ असे सांगितले. घाबरून मी सही केली. आई आता बरी आहे, पण तिला विचारल्याशिवाय माझ्या सहीने हे व्हायला हवे होते का, हा प्रश्न मनातून जात नाही.
(एक मुलगी, सदाशिव पेठ)

उत्तर : आपला प्रश्न फार मोलाचा आहे, कारण संमतिपत्र म्हणजे रुग्णालयाच्या बचावाचा कागद, असा समज दोन्ही बाजूंनी रूढ झाला आहे. संमती रुग्णाची असते. रुग्ण सज्ञान असेल, शुद्धीवर असेल आणि त्याला समजत असेल, तर त्याच्याऐवजी मुलगा, मुलगी, पती किंवा आई यांपैकी कोणाचीही सही पुरेशी नाही.

याविषयीचा सर्वांत महत्त्वाचा निकाल समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये दिला. दिल्लीतील चव्वेचाळीस वर्षांच्या एका अविवाहित महिलेने १९९५ मध्ये फक्त निदानासाठी दुर्बिणीच्या तपासणीला संमती दिली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेतली आणि गर्भाशय व बीजांडकोश काढून टाकले. त्यामागे डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता आणि त्यांच्या मते तो उपचार योग्यही होता. तरीही न्यायालयाने सांगितले की, तपासणीला दिलेली संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही. रुग्ण तात्पुरती बेशुद्ध असताना, जिवाला तत्काळ धोका नसेल तर, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते. आणि सज्ञान मुलीच्या वतीने आईने दिलेली संमती ग्राह्य नाही. अपवाद एकच : त्या क्षणी ते केले नाही तर रुग्णाचा जीव जाईल किंवा त्याला गंभीर इजा होईल, अशी परिस्थिती.

आपल्या आईच्या बाबतीत ती गाठ काढणे त्या क्षणी अटळ होते की नाही, हे शस्त्रक्रियेच्या नोंदी पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. त्या नोंदी मागण्याचा आपल्याला हक्क आहे. त्याविषयी पुढच्या उत्तरात लिहिले आहे. आपण घाबरून सही केली याबद्दल स्वतःला दोष देऊ नये. ऑपरेशन थिएटरच्या दारात, हिरव्या कपड्यांतल्या माणसाने कागद पुढे केल्यावर ‘थांबा, मला समजून घेऊ द्या’ असे म्हणणे कोणालाही जड जाते. म्हणूनच हे बोलणे आदल्या दिवशी, रुग्णाच्या खाटेजवळ व्हायला हवे. ‘आत काही वेगळे आढळले तर काय करणार? ते आत्ताच करणार, की आधी मला सांगणार?’ हा प्रश्न रुग्णाने स्वतः डॉक्टरांना विचारावा आणि मिळालेले उत्तर संमतिपत्रावर लिहून घ्यावे. चांगल्या सर्जनना या प्रश्नाचा राग येत नाही.

याच निकालानुसार डॉक्टरांनी रुग्णाला कोणता उपचार करणार आणि कशासाठी, त्याचा फायदा काय, दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते आणि उपचार घेतलाच नाही तर काय होईल, एवढे तरी सांगायला हवे. हे रुग्णाला कळेल अशा भाषेत सांगायचे असते. जिला इंग्रजी वाचता येत नाही, तिच्याकडून इंग्रजी कागदावर घेतलेली सही ही समजून दिलेली संमती ठरत नाही. मराठी प्रत मागावी. ती नसेल तर डॉक्टरांनी मराठीत समजावून सांगितल्याचा उल्लेख कागदावर करायला सांगावा. मोकळ्या जागा भरल्याशिवाय सही करू नये, सहीपुढे तारीख आणि वेळ लिहावी आणि त्या पानाचा मोबाइलवर फोटो घेऊन ठेवावा.

पतीच्या सहीबद्दलही येथेच सांगतो, कारण तसे विचारणारी पत्रे पुष्कळ आली आहेत. स्त्रीच्या ऑपरेशनला नवऱ्याची सही हवीच, असा हट्ट अनेक ठिकाणी धरला जातो. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. वैद्यकीय गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यातही सज्ञान स्त्रीच्या बाबतीत फक्त तिचीच संमती आवश्यक मानलेली आहे.

प्रश्न : वडील अजून दाखल आहेत. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे असे वाटते. पण फाइल मागितली की ‘ती डिस्चार्जनंतरच मिळेल’ असे सिस्टर सांगतात. हे बरोबर आहे का?
(एक वाचक, हडपसर)

उत्तर : नाही. दुसरे मत घेणे हा रुग्णाचा मान्य केलेला हक्क आहे आणि त्यासाठी लागणारे कागद देणे रुग्णालयाचे कर्तव्य आहे. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेचे २००२ चे विनियम सांगतात की, रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत नोंदी दिल्या पाहिजेत, आणि दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपून ठेवल्या पाहिजेत. मूळ फाइल रुग्णालयात राहते. आपल्याला मिळते ती प्रत. तिचा झेरॉक्सचा वाजवी खर्च आपण द्यायचा.

सिस्टरना यात निर्णयाचा अधिकार नसतो, त्यामुळे त्यांच्याशी हुज्जत घालू नये. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज लिहावा : ‘रुग्ण क्रमांक अमुक, वॉर्ड तमुक. माझ्या वडिलांचे आजपर्यंतचे इनडोअर पेपर, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, औषधांचा तक्ता, सर्व तपासण्यांचे अहवाल आणि शस्त्रक्रियेची नोंद यांच्या प्रती दुसऱ्या तज्ज्ञाच्या सल्ल्यासाठी मिळाव्यात.’ शक्य असल्यास रुग्णाची सही घ्यावी, अन्यथा नातेवाइकाने नाते लिहून सही करावी, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. नुसते ‘फाइल द्या’ म्हटले की अनेकदा डिस्चार्ज कार्ड हाती ठेवले जाते. म्हणून कागदांची नावे घेऊन मागावे. सीटी किंवा एमआरआयचा केवळ अहवाल न घेता सीडीही मागावी, कारण दुसऱ्या तज्ज्ञाला मूळ प्रतिमा पाहायच्या असतात.

प्रश्न : औषधे रुग्णालयाच्याच मेडिकलमधून घ्यायला हवीत का?
(वारजे येथील एक वाचक)

उत्तर : मानवी हक्क आयोगाच्या सनदेनुसार औषध किंवा तपासणी कोठून घ्यायची, हे ठरवण्याचा हक्क रुग्णाला आहे. याबाबत देशभर लागू होणारा सक्तीचा आदेश द्यावा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये मान्य केली नाही. धोरण ठरवण्याचे काम राज्यांवर सोपवले. बाहेरून आणलेल्या औषधाचे पक्के बिल आणि बॅच क्रमांक दाखवता आला पाहिजे, ही रुग्णालयाची अपेक्षा मात्र रास्त आहे, आणि ऑपरेशन थिएटरमध्ये किंवा आयसीयूत ऐन वेळी लागणाऱ्या औषधांसाठी बाहेर धावण्याचा आग्रह धरू नये.

प्रश्न : माझ्या विवाहित बहिणीची तपासणी पुरुष डॉक्टरांनी पडद्याआड एकट्याने केली. ती फार अवघडून गेली होती. सोबत कोणी असायला हवे होते ना?
(एक वाचक, चिंचवड)

उत्तर : होय. पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाची शारीरिक तपासणी करत असताना तेथे दुसरी स्त्री उपस्थित असायला हवी, असा तिचा हक्क आहे. ती सिस्टर असेल, मावशी असेल किंवा घरातली बाई असेल. हे मागताना संकोच करू नये आणि कारणही देत बसू नये.

प्रश्न : काकांचे रात्री रुग्णालयात निधन झाले. राहिलेले बिल भरेपर्यंत पार्थिव देणार नाही, असे सांगण्यात आले. पहाटेपर्यंत नातेवाइकांनी पैसे गोळा केले. बिलात ‘कन्झ्युमेबल्स’ या एकाच ओळीखाली मोठी रक्कम आहे, तिचा तपशील आजवर मिळालेला नाही.
(एक पुतण्या, वडगाव शेरी)

उत्तर : आपल्या कुटुंबाला त्या रात्री जे सोसावे लागले ते बेकायदेशीर होते. २०२१ च्या नियमांतील सनद सांगते की, रुग्णाचे पार्थिव कोणत्याही कारणास्तव अडवून ठेवता येत नाही. केस पोलिसांत नोंदलेली असेल आणि शवविच्छेदन व्हायचे असेल, तर पार्थिव पोलिसांमार्फत मिळते. ती वेगळी प्रक्रिया आहे आणि तिचा बिलाशी संबंध नाही. जिवंत रुग्णालाही बिलासाठी अडकवून ठेवता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेच्या सुनावणीत हे बेकायदेशीर असल्याचे म्हटले आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ मध्ये बेकायदा डांबून ठेवणे हा गुन्हा आहे. असा प्रसंग आल्यास ११२ वर फोन करावा आणि पोलिसांसमोर रुग्णालयाला लेखी कारण मागावे.

याचा अर्थ बिल माफ होते असा नाही. ठरलेले पैसे देण्याची जबाबदारी रुग्णावर त्याच नियमांनी टाकलेली आहे, आणि ते न मिळाल्यास रुग्णालयाला दिवाणी मार्गाने वसूल करता येतात. म्हणून रक्कम मान्य नसेल तर ‘आक्षेप राखून भरणा करत आहे’ असे बिलाच्या प्रतीवर लिहून पैसे भरावेत, म्हणजे पुढे दाद मागण्याचा मार्ग मोकळा राहतो.

तपशीलवार बिल हा आपला हक्क आहे आणि तो आजही मागता येतो. हातमोजे, सिरिंज, ड्रेसिंगचे साहित्य यांची नगवार यादी मागावी आणि ती औषधांच्या तक्त्याशी ताडून पाहावी. खाटेचे भाडे, नर्सिंग, डॉक्टरांची भेट, आयसीयू यांचे दर भिंतीवरच्या दरपत्रकाशी जुळतात का, ते तपासावे. हृदयात स्टेंट घातला असेल तर बिलात त्याची किंमत, कंपनी, नाव आणि बॅच क्रमांक स्वतंत्र असायला हवा. फेब्रुवारी २०१७ पासून स्टेंटच्या आणि ऑगस्ट २०१७ पासून गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर सरकारी कमाल मर्यादा आहे. आठवडाभराचे बिल शेवटच्या दिवशी पाहण्याऐवजी दर संध्याकाळी त्या दिवसापर्यंतचे तात्पुरते बिल मागत जावे. काउंटरवर ते एका बटणावर निघते, आणि चूक आढळली तर त्या दिवसाची सिस्टर व डॉक्टर अजून तेथेच असतात.

प्रश्न : डॉक्टरांनी सकाळी डिस्चार्ज लिहिला. मेडिक्लेमची मंजुरी रात्री आली, म्हणून आणखी एका दिवसाचे खाटेचे भाडे लावले. ते कोणी भरायचे?
(एक वाचक, बाणेर)

उत्तर : विमा नियामक प्राधिकरणाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची पहिली मंजुरी विनंती आल्यापासून १ तासाच्या आत आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांच्या आत द्यायची असते. त्याहून उशीर झाला आणि रुग्णालयाने त्यामुळे जादा आकारणी केली, तर ती रक्कम विमा कंपनीने सोसायची आहे. मात्र हे ३ तास रुग्णालयाची विनंती कंपनीकडे पोहोचल्यापासून मोजले जातात. अनेकदा विलंब रुग्णालयातील टीपीए डेस्कवर, म्हणजे विमा दाव्यांचे काम पाहणाऱ्या टेबलावर, डिस्चार्ज समरी टाइप होण्याची वाट पाहण्यात होतो. म्हणून अंतिम बिल नेमके किती वाजता पाठवले, तो ईमेल किंवा त्याचा स्क्रीनशॉट तेथूनच घ्यावा. कंपनीने दाद दिली नाही, तर तिला लेखी तक्रार केल्यावर महिन्याभराने नारायण पेठेतील विमा लोकपाल कार्यालयात विनामूल्य तक्रार करता येते.

प्रश्न : मी कोथरूडमध्ये लहान नर्सिंग होम चालवतो. आपण नेहमी रुग्णांच्या हक्कांविषयी लिहिता. रात्री तीन वाजता वीस नातेवाईक वॉर्डात शिरतात, तेव्हा आमच्या हक्कांचे काय?
(एक डॉक्टर)

उत्तर : आपला प्रश्न योग्य आहे आणि तो टाळता येणार नाही. डॉक्टर, परिचारिका किंवा कर्मचाऱ्यांवर हल्ला करणे अथवा रुग्णालयाची मोडतोड करणे हा महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानुसार दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि झालेल्या नुकसानीच्या दुप्पट भरपाईही द्यावी लागते. रुग्णानेही आजाराची पूर्ण माहिती देणे, आधीचे आजार व औषधे न लपवणे, भेटीच्या वेळा पाळणे आणि बिल भरणे अपेक्षित आहे.

तरीही आपल्याला एक विनंती करावीशी वाटते. या सदराकडे आलेल्या रागाच्या पत्रांत ‘आमच्याशी कोणी बोललेच नाही’ हे वाक्य फार वेळा येते. आयसीयूतील रुग्णाच्या घरच्यांना रोज एका ठरावीक वेळी, एकाच डॉक्टराने, खाली बसून दहा मिनिटे माहिती दिली आणि ती केसपेपरवर नोंदवली, तर संशयाला जागा उरत नाही. लहान नर्सिंग होममध्ये हे मोठ्या रुग्णालयांपेक्षा अधिक सहज जमू शकते.

प्रश्न : उपचारांत हलगर्जीपणा झाला असे वाटते. तक्रार नेमकी कोठे करावी? पोलीस एफआयआर घेत नाहीत.
(एक वाचक, भोसरी)

उत्तर : तक्रार कशाविषयी आहे, त्यावर तिचे ठिकाण ठरते. दरपत्रक, सनद, बिल, नोंदी, अनामत याविषयीची तक्रार शुश्रूषागृहाची नोंदणी करणाऱ्या यंत्रणेकडे जाते. पुणे शहरात ती महापालिकेचा आरोग्य विभाग आहे, भोसरीसाठी पिंपरी-चिंचवड महापालिकेचा, आणि ग्रामीण भागासाठी जिल्हा शल्यचिकित्सक. २०२१ च्या नियमांनुसार तक्रार निवारणाची व्यवस्था ठेवणे या यंत्रणांवर बंधनकारक आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाविषयीची तक्रार मुंबईतील महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे करावी लागते. परिषद नोंदणी निलंबित करू शकते, परंतु भरपाई देऊ शकत नाही.

पोलिसांबाबत सांगायचे तर, जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठरवून दिले आहे की, डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी हलगर्जीपणा अतिशय ढोबळ स्वरूपाचा असायला हवा आणि त्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घेतले पाहिजे. पुण्यात हे मत साधारणपणे ससून या सरकारी रुग्णालयातील समितीकडून मागवले जाते. म्हणून पोलीस लगेच गुन्हा नोंदवत नाहीत. आपण लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि अर्ज समितीकडे कधी पाठवला ते विचारत राहावे.

नुकसानभरपाई हवी असेल तर मार्ग ग्राहक आयोगाचा आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात ठरवले. सर्वांवर पूर्णपणे विनामूल्य उपचार करणारी रुग्णालये त्यातून वगळली गेली. परंतु जेथे काही रुग्णांकडून पैसे घेतले जातात, तेथे विनामूल्य उपचार घेतलेल्या गरीब रुग्णालाही दाद मागता येते. धर्मादाय खाटेवर उपचार झालेल्यांनी हे लक्षात ठेवावे, कारण ‘तुम्ही कुठे पैसे भरलेत’ असे सांगून त्यांना परत पाठवले जाते. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात होते, आणि ती ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील सक्तीचा नाही. घटना घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. रुग्णालय, महापालिका किंवा वैद्यकीय परिषद यांच्याशी चाललेला पत्रव्यवहार ही मुदत वाढवत नाही. आपण घटनेची तारीख पत्रात लिहिलेली नाही. ती आधी तपासावी, नोंदींसाठीचा अर्ज या आठवड्यातच द्यावा, आणि कागद हाती आल्यावर त्याच शाखेच्या एखाद्या तज्ज्ञाला दाखवून त्यांचे मत लेखी घ्यावे, कारण आयोगापुढे बहुतेक प्रकरणे त्या लेखी मतावर उभी राहतात.